हे तर आमच्याकडे होतं!

१८ मे ही तारीख ज्यांनी ठरवली त्यांनी महाराष्ट्रातला मे महिना पाहिलेला नसणार. १९७७ साली सोव्हिएत संघात आयकॉमचे, म्हणजे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे, अधिवेशन भरले होते. दरवर्षी १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळावा, असा ठराव तिथे झाला. मॉस्कोत त्या सुमाराला झाडांना पालवी फुटलेली असते, लोक अंगावरचे जाड कोट उतरवून हिंडायला बाहेर पडतात, आणि अशा हवेत एखाद्याला संग्रहालयात जावेसे वाटूही शकते. आपल्याकडे १८ मेला लग्नाचे मुहूर्त असतात, हापूस उतरणीला लागलेला असतो, मुले मामाच्या गावाला गेलेली असतात आणि मुंबईत सकाळी नवालाच शर्ट पाठीला चिकटलेला असतो.

पण ठराव तो ठराव. त्या दिवशी आपल्या शहरांतली संग्रहालयेही कामाला लागतात. व्याख्याने होतात, वॉक निघतात, दालनात कुणी नाचते, अंगणात कुणी मुलांना मातीचे भांडे करायला शिकवते. बऱ्याच ठिकाणी प्रवेशही मोफत असतो. मोफत प्रवेश आणि दगडी भिंतींचा गारवा एकत्र मिळाला, की ऐन मे महिन्यातही मराठी माणूस इतिहासाकडे वळतो. एरवी ज्या दालनात चौकीदार आणि एक मूर्ती एकमेकांकडे बघत दुपार काढतात, तिथे त्या दिवशी चप्पल कुठे काढायची हे विचारणाऱ्यांची रांग लागते. चप्पल काढायची नसते. तरी दोन-चार जण काढतातच आणि मग ती सांभाळायला एका नातवाला मागे ठेवतात.

संग्रहालय म्हणजे नेमके काय, यावर खुद्द संग्रहालयवाल्यांचे एकमत व्हायलाही वेळ लागला. २०१९ साली क्योटोच्या सभेत नवी व्याख्या मताला आली आणि वाद एवढा पेटला, की सभासदांनी मतदानच पुढे ढकलले. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की होते तसेच हे झाले. मग समित्या बसल्या, मसुदे फिरले आणि २०२२ साली प्रागमध्ये ९२.४१ टक्के मतांनी व्याख्या मंजूर झाली. जमवणे, जपणे, अभ्यासणे, मांडणे या कामांच्या जोडीला तिच्यात लोकांचे शिक्षण आणि आनंद यांचाही उल्लेख आहे. उरलेल्या सभासदांना आनंदाचे वावडे होते असे नव्हे, पण ‘माझा विरोध नोंदवून घ्या’ म्हणणारे कुठल्याही सभेत असतातच.

या दिवसाचा कणा म्हणजे वॉक. पत्रकावर वेळ दहाची असते. दहाला तिथे फक्त वॉक नेणारी मुलगी आणि खांद्याला शबनम लावलेले एक निवृत्त काका असतात. सव्वादहाला आर्किटेक्चरचे विद्यार्थी येतात. त्यांना सरांनी पाठवलेले असते आणि प्रमाणपत्र कुठे मिळते हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. साडेदहाला सुट्टीतल्या मुलांना ‘काहीतरी ॲक्टिव्हिटी’ हवी म्हणून बाहेर पडलेल्या आया येतात. वॉक सुरू होतो, आणि दुसऱ्याच मूर्तीपाशी काकांचा हात वर जातो. ‘प्रश्न नाही, थोडी भर घालतो,’ असे ते म्हणतात. भर यादवकाळापासून सुरू होते, काकांच्या बँकेतल्या बदल्यांवरून फिरते आणि त्यांनी १९८४ साली स्वतः पाहिलेल्या एका शिलालेखापाशी टेकते. मुलगी हसतमुख राहून म्हणते, ‘काका, आपण पुढे जाऊ या का?’ काका पुढे जातात, पण मुलीच्याही पुढे. तिसऱ्या दालनापर्यंत निम्मा वॉक काकांच्या मागे गेलेला असतो.

संग्रहालय पाहण्यात शरीराचे जे हाल होतात, त्यांचा शंभर वर्षांपूर्वीच शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात बेंजामिन आइव्ह्ज गिलमन नावाचे सचिव होते. संग्रहालय पाहताना येणाऱ्या थकव्यावर त्यांनी १९१६ साली एक लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी एका माणसाला कपाटांतल्या वस्तू नीट पाहायला सांगितले आणि त्याची छायाचित्रे काढली. हा सूटबूट घातलेला सज्जन कुठे कमरेत वाकला आहे, कुठे गुडघ्यांवर हात टेकून खालच्या फळीत डोकावतो आहे, तर कुठे जमिनीशी जवळजवळ लोळण घेतो आहे. दोष पाहणाऱ्याचा नसून मांडणाऱ्याचा आहे, असा गिलमन यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडच्या कपाटांपुढेही ही आसने आजतागायत चालू आहेत. फरक एवढाच, की आपल्याकडे वाकलेल्या माणसाच्या पाठीवरून मागचा माणूसही तीच पाटी वाचत असतो.

एवढे करून माणूस बघतो किती वेळ? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेली पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. नामांकित चित्रांपुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. या सेकंदांत पाटी वाचण्याचा वेळही आला. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तशीच पाहणी झाली तेव्हा सरासरी साधारण तीच भरली. लोक आता चित्राकडे पाठ करून उभे राहतात आणि फोनमध्ये बघतात, ही मात्र नवी भर निघाली. त्यालाही चित्र पाहणेच म्हणायचे असेल तर आपली तक्रार नाही.

मुंबईत या दिवशी सांगण्यासारखे एवढे आहे, की वॉक नेणाऱ्याला शोभेची वाक्ये लागूच नयेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचेच घ्या. १९०५ साली पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या युवराजाने त्याची कोनशिला बसवली. गेटवेवाल्या जॉर्ज विटेटने विजापूरच्या गोलघुमटाकडे बघून घुमट उभारला. १९१४ साली इमारत तयार झाली आणि तेवढ्यात महायुद्ध लागले. वस्तू बाजूला राहिल्या, जखमी सैनिक आले, आणि संग्रहालयाचे इस्पितळ झाले. लोकांसाठी दार उघडले ते १९२२ च्या जानेवारीत. कोनशिलेपासून सोळा वर्षांनी. आज पुलाचे काम रखडले म्हणून चिडणाऱ्या मुंबईकराला हा हिशेब सांगितला की त्याला बरे वाटते. आत शिरल्यावर मधल्या दालनात नाशिककडच्या वाड्यातले कोरीव लाकडी खांब आणि सज्जे बसवलेले दिसतात. तिथे हमखास कुणीतरी खांबावर मान टेकल्यासारखी करून वर बघते आणि म्हणते, ‘आमच्या वाड्याला अस्सेच होते. बिल्डरला दिला तेव्हा काढून टाकले.’

‘आमच्याकडे होते’ हा मराठी माणसाचा संग्रहालयातला मुख्य उद्गार. विस्मयाने तोंडात बोट घालायला तो तयार नसतो. त्याला वहिवाट सांगायची असते.

भायखळ्याला मात्र ‘आमच्याकडे होते’ म्हणायचा पहिला हक्क घारापुरीकरांचा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर, राणीच्या बागेत, काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. मुले त्याच्यापाशी फोटो काढतात आणि पेंग्विन कुठे आहेत ते विचारतात. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले. तो तिथे बेटाच्या धक्क्याजवळ शतकानुशतके उभा होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची मान आणि डोके निखळून पडले, तरी धड जागेवर होते. मग १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचे ठरले. क्रेन आणली, साखळदंड आवळले, हत्ती उचलला, आणि क्रेन मोडली. हत्तीचे तुकडे तुकडे झाले. तुकड्यांना विलायतेत मागणी नसते, त्यामुळे ते मुंबईच्या बागेत आणून टाकले. तिथे जवळजवळ पन्नास वर्षे पडून राहिल्यावर १९१२ च्या सुमाराला कॅडेल आणि ह्युएट या दोन साहेबांनी जुळवाजुळव करून हत्ती पुन्हा उभा केला. एक नादुरुस्त क्रेन नसती तर हा हत्ती आज लंडनमध्ये असता, आणि तो परत मिळावा म्हणून आपण निवेदने देत बसलो असतो. सरकारी यंत्रसामग्री बिघडल्याने देशाचा असा फायदा झाल्याची दुसरी उदाहरणे शोधावी लागतील.

त्याच आवारात इंग्रजी राजवटीतले पुतळे हारीने बसलेले आहेत. १९६५ साली रस्त्यांवरून उठवल्यावर त्यांना इथे जागा मिळाली. सातव्या एडवर्डाचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा त्यांतलाच. १८७९ साली आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, लोकांनी राजाकडे दुर्लक्ष करून घोडा तेवढा ध्यानात ठेवला, आणि अख्ख्या भागाचे नाव काळा घोडा पडले. पुतळा हलला तरी नाव हलले नाही. अखेर २०१७ साली त्या भागात नवा काळा घोडा बसवण्यात आला, तो मात्र स्वाराविना. म्हणजे राजा त्याच्या घोड्यासह भायखळ्यात आणि नुसता घोडा फोर्टात, अशी वाटणी झाली. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही याच मुक्कामाला आहे. १८९६ साली चापेकर बंधूंनी तिला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली होती. ते डाग निघता निघेनात. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञांनी ते काढले आणि त्यांचे नाव गाजले. हे ऐकले की वॉकमधल्या एखाद्या आईला त्या शास्त्रज्ञाने नेमके काय वापरले ते जाणून घ्यायचे असते. घरी सोफ्यावर डाग असतो.

व्याख्यानाची तऱ्हा वेगळी. ते दुपारी असते, सभागृह वातानुकूलित असते आणि विषय ‘नाणेशास्त्र : काही नवे दृष्टिकोन’ असा काहीसा असतो. सभागृह भरते. त्यात पहिल्या चार रांगा नाण्यांसाठी आलेल्या आणि मागच्या सगळ्या वातानुकूलनासाठी. पण आयोजकांनी मागच्यांना कमी लेखू नये. विषयाची बांधीलकी नसल्यामुळे शेवटपर्यंत बसून राहतात ते तेच.

उद्घाटनाच्या वेळी मात्र पडद्यामागे एक जुने भांडण चालू असते. संग्रहालयात कार्यक्रम करणारा आणि वस्तू जपणारा या दोघांचे कधी पटत नाही. कार्यक्रमवाल्याला समई हवी, झेंडूचे तोरण हवे, पाहुण्यांना हार हवा आणि मध्यंतरात सामोसे हवेत. जपणाऱ्याला समईत काजळी दिसते, तोरणात किडे दिसतात, सामोशांच्या चुऱ्यात झुरळांच्या चार पिढ्यांची सोय दिसते. कसर आणि वाळवी यांच्याशी त्याने वर्षभर झुंज दिलेली असते. खरे म्हणजे त्याला पाहुण्यांचा श्वाससुद्धा नको असतो, कारण गर्दी झाली की दालनातला दमटपणा वाढतो आणि लाकूड फुगते. लघुचित्रे, जुने कागद, पैठण्या यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये असा जगभरचा दंडक आहे, कारण उजेडाने उडालेला रंग काही केल्या परत येत नाही. एवढ्या उजेडात लघुचित्रातल्या राधेचे भागते, पण प्रमुख पाहुण्यांचा फोटो काळा येतो. मग तडजोड होते. समई व्हरांड्यात जाते, हाराच्या जागी तुळशीचे रोप येते, सामोसे फाटकाबाहेर. आणि प्रमुख पाहुणे ते रोप हातात धरून, आता हे कुठे ठेवायचे अशा मुद्रेने तासभर इतिहासावर बोलतात.

नाचगाण्याने दालनाला रंगत येते हे कबूल करायला हवे. दगडी मूर्तीपुढे कुणी त्रिभंगात उभे राहिले, की मूर्ती घडवणाऱ्याने कमरेचा बाक कशासाठी काढला होता हे पाटीवरच्या दहा ओळींपेक्षा लवकर कळते. अडचण एवढीच, की जुन्या दालनांत आवाज घुमतो. घुंगरू थांबले तरी त्यांचा नाद वरच्या मजल्यावरच्या भुसा भरलेल्या पक्ष्यांपर्यंत जाऊन परत येतो. नुसत्या वक्तशीरपणात मात्र या क्षेत्रात हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळाचा हात धरणारा कलाकार नाही. दर तासाला त्यातला दाढीवाला बाहुला बाहेर येतो, घंटेचे टोले देतो आणि आत जातो. बाराचा खेळ सगळ्यांत मोठा, म्हणून बाराला गर्दी सगळ्यांत जास्त. सहलीच्या बसमधून आलेली मराठी मंडळी खुर्च्या धरायला साडेअकरापासून बसतात. बाहुला ना उशीर करतो, ना मनोगत व्यक्त करतो.

पुण्यात संग्रहालय दिनाला खरा रंग चढतो तो राजा दिनकर केळकर संग्रहालयात, कारण तिथे प्रेक्षक स्वतःला तज्ज्ञ समजतो आणि पुष्कळदा असतोही. दिनकर गंगाधर केळकर यांचा धंदा चष्म्यांचा. कविता ते ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. पण नाद लागला तो जुन्या वस्तूंचा. लोक मोडीत काढायला निघालेल्या वस्तू ते गावोगाव फिरून मिळवीत, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले. वीस हजारांवर गेलेल्या या संग्रहात राजेरजवाड्यांचा थाट आहेच, पण मजा आहे ती घरगुती गोष्टींत. दिवे, दौती, कुलपे, विळ्या, वजऱ्या. अडकित्ते तर इतक्या घाटांचे, की सुपारी फोडणे हे दुय्यम काम वाटावे. मस्तानीच्या महालाचे अवशेष केळकरांनी कोथरूडहून आणून इथे उभे केले. पेठांमधून कोथरूडला राहायला गेलेली कुटुंबे पुण्यात हजारोंनी सापडतील. कोथरूडहून शुक्रवार पेठेत आलेला मात्र हा महालच.

तर अशा संग्रहालयात एक आजी सुनेबरोबर आणि नातीबरोबर येतात. हत्यारांच्या कपाटापुढून त्या भाजीबाजारातून जावे तशा न थांबता जातात. स्वयंपाकघरातल्या वस्तू आल्या की त्यांची चाल मंदावते. पितळी सोऱ्यापुढे उभ्या राहून त्या म्हणतात, ‘हा तर आमच्याकडे होता.’ नात काचेला नाक लावून विचारते, ‘मग कुठे गेला?’ आजी सुनेकडे बघतात. सून पुढच्या कपाटातली कुलपे फार लक्ष देऊन पाहू लागते. बोहारणीला जुनी भांडी देऊन स्टीलचा डबा घेतल्याचे ते प्रकरण पंचवीस वर्षे मिटलेले असते. संग्रहालय दिनाच्या दिवशी ते पुन्हा सुनावणीला येते. तोवर आजींचे लक्ष वजऱ्यांकडे गेलेले असते. पाय घासायच्या या वजऱ्यांवर मोर, हत्ती काय काय बसवलेले. चौकीदार पुढे होऊन म्हणतो, ‘आजी, काचेला हात नको.’ ‘अरे बाळा, हात नाही लावत, नुसते दाखवते तिला,’ असे म्हणत आजी काचेवर बोट ठेवूनच वजरी कशी धरायची ते सांगतात. आजूबाजूचे दहा-पंधरा लोक थांबतात. वॉक नेणारी मुलगीही थांबते. ती इतिहासाची पदवीधर, पण वजरी वापरलेली बाई तिला पहिल्यांदाच भेटलेली असते. आजी सतरा सेकंदांच्या हिशेबात बसत नाहीत. त्या वजऱ्यांपुढे वीस मिनिटे उभ्या असतात आणि गुडघ्यांची तक्रार जिना उतरताना आठवते.

बाकीच्या महाराष्ट्रातही या दिवशी दाखवण्यासारखे कमी नाही, आणि ते अनपेक्षित जागी आहे हे विशेष. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची चिमुकली मूर्ती आहे. गेल्या शतकाच्या चाळिशीत ब्रह्मपुरीच्या उत्खननात ती सापडली. व्यापाराच्या वाटेने समुद्रदेव दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी आला आणि परत गेला नाही. कोल्हापुरात एकदा जेवलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. साताऱ्याजवळच्या औंधात भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते डोंगरावर बांधले, आणि तिथे रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे शिल्पही आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. सरकारदरबारी त्याचे नाव काही असो, रिक्षावाल्याला ‘अजब बंगला’ सांगितल्याखेरीज रिक्षा हलत नाही.

मात्र १८ मे कधी कधी सोमवारी येतो, आणि सोमवार ही कित्येक संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी. अशा वर्षी पत्रके काढणाऱ्यांची त्रेधा उडते. काही जण आदल्या रविवारीच दिन उरकून घेतात, काही जण आठवडा साजरा करतात. चौकीदारांना विचाराल तर दिन सोमवारी येणेच सगळ्यांत उत्तम.

संध्याकाळी दारापाशी टेबलावर अभिप्रायाची वही उघडून ठेवलेली असते, दोऱ्याला बांधलेल्या पेनासकट. ‘खूप छान माहिती मिळाली’ हे वाक्य एकाच शिबिराच्या बावीस मुलांनी एकाखाली एक लिहिलेले असते, बाईंनी सांगितल्यासारखे. कुणी पंखे वाढवा लिहिते, कुणी प्रसाधनगृहाचा बाण मोठा काढा लिहिते. एका तरुणाने नुसता बदामाचा आकार काढून त्यात दोन आद्याक्षरे लिहिलेली असतात. भिंतीऐवजी वहीत लिहिली म्हणून जपणारा मनातल्या मनात त्याचे आभार मानतो. शेवटची सही शबनमवाल्या काकांची. त्यांनी समास सोडून, अनुक्रमांक घालून, चार पाट्यांवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवलेल्या असतात, दोन सनांबद्दल शंका नोंदवलेली असते, पुढच्या वर्षीच्या व्याख्यानासाठी स्वतःचे नाव सुचवलेले असते, आणि पान संपल्यामुळे तळाशी ‘कृ. मा. प.’ असे लिहून बाण काढलेला असतो.